भोगीचं ताट

सोलापूर, २१ जानेवारी

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि तू ‘ठेवते’ म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. शेजारचा बंड्या उद्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतोय, त्याच्याजवळ देते.

भोगीला जे झालं ते माझ्या हातून झालं. सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता टाकून आलो, सगळ्यांना भुका लागलेल्या. मी पानं घेतली आणि तुझ्यापुढं ती जर्मनची ताटली ठेवली. ठरवून नाही गं, हात तिकडं गेला. तू ताटलीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि उठलीस. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ न घेता पोरगी पहाटे स्टेशनवर गेली. पप्पा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.

त्याच्या आधी तू एक बोललीस ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ‘आता बरं वाटतंय, कंटाळा आला टीबीच्या गोळ्यांचा.’ हसत बोललीस, पण बोललीस. त्यावर आज काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

दामूमामा तुला फोटोतलाच माहीत. मिलमध्ये साच्यावर होता, रात्रपाळी. खोकला लागला तर सगळे म्हणाले, कापसाची धूळ. तिन्हीसांजेला अंगात कणकण यायची, रात्री उशी घामानं भिजायची, आई सकाळी ती उन्हात टाकायची. चेहरा एवढुसा झाला, तरी घरात बाहेरचं झालंय म्हणून लिंबं उतरत होते. मग एक दिवस मोरीत रक्त दिसलं. त्याला पडवीत खाट टाकून दिली, जर्मनची ताटली, जर्मनचा पेला. मी सात-आठ वर्षांची. भाकरी लांबूनच सरकवायची, असं मला शिकवलं होतं. तेव्हा औषध वर्ष-दीड वर्ष चालायचं, वर सुया. तीन महिन्यांत मामाच्या अंगावर मांस आलं, खोकला थांबला, आणि खाडे परवडत नाहीत म्हणून तो मिलमध्ये गेला. औषध सुटलं. वर्षाच्या आत परत आजारी पडला, तेव्हा त्याच गोळ्या लागू पडेनात. कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं मिरजेला नेऊ म्हणत होते, तेही राहिलं. १९८३ साली गेला.

बघ, लिहायचं नाही म्हणाले आणि तिथंच आले.

तू गेल्यावर मी दवाखान्यातल्या आशाताईंना गाठलं. ताट वेगळं ठेवलं हे सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. त्या म्हणाल्या, काकू, टीबी ताटातून होत नाही. कपड्यांतून नाही, हात लावून नाही, एका मोरीत अंघोळ केली म्हणून नाही. छातीच्या टीबीचा माणूस खोकला, शिंकला, मोठ्यानं बोलला तरी जंतू हवेत जातात आणि कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ऊन आणि वारा त्यांचा वैरी. म्हणजे आम्ही मामाचा पेला वेगळा ठेवला आणि थंडी वाजते म्हणून पडवीला गोणपाटं लावून वारा बंद केला! त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर कागद आहे, २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉक नावाच्या डॉक्टरनं हा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. मामा गेला तेव्हा त्याला शंभर वर्षं होऊन गेली होती.

आणि तुझे तर गोळ्यांचे दोन महिने पुरे झालेले. नीट गोळ्या घेतल्या की थोड्या आठवड्यांतच माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याचं भय जवळजवळ उरत नाही, असं त्या म्हणाल्या. तेवढं ऐकून मी घरी येऊन ओट्याशी नुसती उभी राहिले.

जंतू पुष्कळांच्या अंगात गुपचूप पडून असतो म्हणे. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढं कधीतरी आजार होतो. ज्याला साखर आहे, जो विडी-सिगारेट ओढतो, ज्याच्या पोटात नीट जात नाही, ज्याला एचआयव्ही आहे, त्याच्यात तो उठतो. तू वर्षभर रात्रपाळी केलीस, डाएट म्हणून काकडी खाल्लीस, चौघी एका खोलीत, धूळ येते म्हणून खिडकी बंद. एक्कावन्न किलोची चव्वेचाळीस झालीस. मी तेव्हाच सांगत होते की – जाऊ दे. मी काय सांगत होते? दिवाळीत तू रात्री गाऊन बदलायला उठायचीस ते मी पाहिलं होतं. खोकला तीन आठवड्यांचा झाला होता. लहानपणी उशा वाळत घातलेल्या बघूनही मी म्हणाले, पुण्याची हवा मानवली नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची, एवढं मला कळायला हवं होतं. तू एकटी गेलीस, तपासून घेतलंस, खोलीतल्या पोरींनाही तपासायला लावलंस, साहेबांना स्वतः सांगितलंस. तुझ्या वयात मला हे जमलं नसतं. आणि मी इथं मावशीला टायफॉइड सांगून बसलेय. उद्या लग्नाचं कुणी विचारलं तर, हे मनात येतं, खोटं कशाला बोलू.

माझी साखर आहे म्हणून माझाही छातीचा फोटो काढला. काही नाही निघालं, काळजी करू नकोस.

आता चार औषधांची तीन झाली असतील ना? अजून चार महिने. लघवी केशरी होते त्याला घाबरू नकोस, पण डोळे पिवळे दिसले, उलट्या झाल्या, नजर अंधुक वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा, मनानं गोळी बंद करू नकोस. सरकारचे महिन्याला हजार रुपये येतात त्याची अंडी घे, नेलपॉलिश नको. चेष्टा केली. घे नेलपॉलिश पण.

ती ताटली काल भंगारात दिली, चार रुपये आले.

शेंगाचटणी कांडून दिलीय, कडक भाकरीही आहेत. चटणीचा डबा आजीच्या नावाचा आहे, खाली ‘सौ. गंगूबाई’ कोरलंय बघ. तो परत आण. पप्पांना रोज त्यातलीच चटणी लागते, आता दोन दिवस वाटीतली खातायत आणि कुरकुर करतायत.

तुझी,
आई

ता. क. रात्री गोळी घेतलीस की मला फक्त एक टिंब पाठव. काही लिहू नकोस.