गडाचा खर्च कोण चालवायचा?

प्रिय बंड्या,

फोन करणार होतो, पण फोनवर हे सगळं मावायचं नाही म्हणून निवांत टाईप करत बसलोय. तूही चहा घेऊन बस. गुडघा कसाय आता? फिजिओने दिलेले व्यायाम सोडू नकोस रे, कंटाळा आला तरी कर.

काल शनिवार, ऑफिसला सुट्टी, सकाळी कोपनहेगनहून ट्रेन पकडली आणि पाऊण तासात हेल्सिंगॉर. स्टेशनबाहेर आलं की समोर समुद्रच, आणि पलीकडे चक्क स्वीडन, तिकडच्या इमारतीसुद्धा दिसतात. मधे जेमतेम चार किलोमीटर पाणी. ओरेसुंद म्हणतात त्या सामुद्रधुनीला, फेरी वीस मिनिटांत पार करते. आणि बंदराच्या त्या टोकाला क्रोनबोर्ग किल्ला, तांब्याची छपरं हिरवी पडलेली.

टूरला आम्ही बाराजण, गाईड एक साठीच्या पुढच्या बाई, रिटायर्ड शिक्षिका. आधी गावातून फिरवलं, अरुंद गल्ल्या, लाकडी चौकटीतली जुनी बुटकी घरं, कार्मेलाईट साधूंचा मठ आणि त्याला लागून चर्च. बुक्स्टेहुड नावाचा मोठा संगीतकार १६६० ते १६६८ तिथे ऑर्गन वाजवायला होता म्हणे. छान आहे सगळं, पण माझं लक्ष किल्ल्याकडेच.

खंदकावरचा पूल ओलांडला आणि तुझी आठवण आली. प्रत्येक गडावर तुझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा ना, "पाणी कुठून यायचं आणि पैसा कुठून यायचा?" आम्ही सगळे फोटो काढत असायचो आणि तू टाकं शोधत फिरायचास. काल तुझ्या वतीने मीच विचारलं, एवढ्या गडाचा खर्च कोण चालवायचा? बाई एकदम खूश झाल्या, म्हणाल्या चला, आणि थेट तटावर तोफांपाशी नेलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. जकात!

१४२० च्या दशकात डेन्मार्कच्या एरिक राजाने सुरू केली. बाल्टिकमध्ये जाणारं-येणारं परदेशी जहाज इथे थांबणार, पैसे भरणार, मगच पुढे. न थांबता जाईल कसं, तोफा वरूनच रोखलेल्या. आधी जहाजामागे ठरावीक रक्कम असायची, मग १५६७ मध्ये फ्रेडरिक दुसरा याने मालावर जकात लावली, आणि त्यातली मेख ऐक. मालाची किंमत कप्तानानेच सांगायची, पण राजाला वाटलं तर त्याच किमतीला तो सगळा माल विकत घ्यायचा हक्क राजाचा. म्हणजे किंमत कमी सांगितली तर माल गेला, जास्त सांगितली तर जकात जास्त बसली. झडती नाही, भांडण नाही, माणूस आपणहून खरं बोलणार. मी दोन मिनिटं गप्पच झालो, इतकं साधं आणि इतकं पक्कं! ह्याच पैशावर त्याच राजाने १५७४ ते १५८५ मध्ये जुन्या कोटाचा नव्याने हा महाल उभा केला. ही जकात १८५७ पर्यंत चालली, आणि त्यांनी ठेवलेल्या वह्या अजून आहेत, जहाजांच्या जवळपास १८ लाख फेऱ्यांच्या नोंदी! तुला तिथे बसवलं असतं तर संध्याकाळी ओढून बाहेर काढावं लागलं असतं.

आत भलामोठा नाचाचा हॉल आहे, ६२ मीटर लांब, मोकळाच आहे आणि पावलं घुमतात. १६२९ च्या आगीत जवळजवळ सगळं जळालं, चॅपल तेवढं भक्कम कमानींमुळे वाचलं. शेक्सपियरच्या नाटकातला हॅम्लेट इथलाच, त्यातलं एल्सिनोर म्हणजे हेच हेल्सिंगॉर. किल्ल्यात त्या नाटकाचा पहिला प्रयोग १८१६ मध्ये इथल्याच शिपायांनी केला. बरेचजण त्यासाठीच येतात.

माझ्या मात्र मनात राहिली ती कॅरोलाईन मथिल्डा. इंग्लंडच्या राजाची बहीण, पंधराव्या वर्षी लग्न होऊन डेन्मार्कला आली, नवरा राजा पण मनाने आजारी. पुढे राजाच्या डॉक्टरशी तिचे संबंध जुळले, आणि जानेवारी १७७२ मध्ये तिला अटक करून इथे आणलं, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. डॉक्टरला एप्रिलमध्ये मारलं. मेअखेरीस इंग्लंडची जहाजं हिला न्यायला आली, पण मुलीला नेऊ दिलं नाही. दहा महिन्यांचं लेकरू मागे ठेवून ती गेली, परत भेट नाही, तीन वर्षांत तेविसाव्या वर्षी जर्मनीत वारली. बाईंनी आवाज अजिबात न चढवता सांगितलं हे. मी खिडकीपाशी उभा, जाड भिंत, काचेवर खारट ओल, खाली तेच पाणी जिथून तिचं जहाज गेलं असेल. आमची पोरगी दहा महिन्यांची असताना मी चार दिवस टूरवर गेलो होतो, ते चार दिवस मला कसे गेले तुला माहितीय.

शेवटी तळघरात, कंदिलाच्या उजेडात होल्गर डान्स्के बसलाय, म्हणजे इथल्या दंतकथेतल्या वीराचा पुतळा, ढाल-तलवार घेऊन झोपलेला. देशावर संकट आलं की उठेल अशी श्रद्धा. एक छोटा मुलगा त्याच्याजवळ जाऊन हळूच बोलत होता, उठू नये म्हणून.

आणि आता खरी गोष्ट. बाहेर पडताना मी बाईंना म्हटलं, मी भारतातला, तर त्या लगेच म्हणाल्या, त्रांकेबार! आपलं तरंगंबाडी रे, तमिळनाडूतलं. १६२० मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून ह्या डॅनिश लोकांनी ते गाव घेतलं, तिथे डान्सबोर्ग किल्ला बांधला, १८४५ मध्ये इंग्रजांना विकलं. गाव ह्यांच्याकडे असताना त्यासाठी तंजावरला दरवर्षी रक्कम द्यायची, आणि पुढे तंजावरला कोण बसलं? आपले भोसले! म्हणजे इथे सगळ्या जगाकडून जकात घेणारे हे लोक तिकडे व्यंकोजीराजांच्या घराण्याला पैसे भरत होते. मला एवढा आनंद झाला की मी बाईंना मराठीतच काहीतरी बोलून गेलो.

तर डिसेंबरमध्ये मी येतोय, तेव्हा तरंगंबाडी आणि तंजावर करू. चढण नाही, किल्ला समुद्राच्या वाळूवरच आहे, तुझ्या गुडघ्याला चालेल. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे, तो तू वाचायचास, पाणी कुठून यायचं ते मी शोधतो. तारखा कळव, तिकिटं काढतो.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना ट्रेकवाला