तुझ्या नव्या गोळीविषयी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते आणि एसटीचा प्रवास म्हटला की आधी धास्तीच वाटते, हे वाचून मला माझे मागच्या वर्षीचे दिवस आठवले. मूत्ररोगतज्ज्ञांनी तुला मिराबेग्रॉन सुरू केले आणि तुला उतारही पडतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र रक्तदाबासाठी तू इतकी वर्षे मेटोप्रोलॉल घेतोस, हे त्यांच्या कानावर घातलेस की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही, म्हणून आजच उत्तर लिहायला बसलो.

माझ्याकडे हीच जोडी होती. मूत्राशयाची गोळी एका डॉक्टरांनी दिली, हृदयाची दुसऱ्यांनी, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवावी हे मला सुचले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पलंगाचा दांडा धरून मी तसाच जमिनीवर बसलो. मुलीने घरच्या यंत्रावर मोजले, तेव्हा रक्तदाब ठीक होता, पण नाडी मिनिटाला ४८ होती. एरवी ती सत्तरच्या आसपास असते. तिने वहीत तो आकडा लिहून त्याभोवती लाल शाईने गोल केला; ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी कारण समजावून सांगितले. यकृतातले जे विकर (एन्झाइम) मेटोप्रोलॉलचे विघटन करते, त्याचेच काम मिराबेग्रॉन मंदावते. त्यामुळे मेटोप्रोलॉलची गोळी तीच आणि तेवढीच घेतली, तरी रक्तातले तिचे प्रमाण पुष्कळ वाढते आणि हृदयाचे ठोके उतरतात. त्यांनी माझा मेटोप्रोलॉलचा डोस कमी केला आणि नाडी हळूहळू पूर्वपदावर आली. तू मात्र हा डोस स्वतःहून कमी करू नकोस. मेटोप्रोलॉल एकाएकी थांबवले, तर छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही उद्भवू शकते.

मिराबेग्रॉनची दुसरी बाजू रक्तदाबाची. सरासरीने पाहिले तर वाढ किरकोळ असते, पण काही जणांत ती बरीच मोठी झाल्याचे आढळले, आणि म्हणून २०१५ साली ब्रिटनच्या औषध नियामकांनी इशारा दिला की, ज्यांचा दाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असून आटोक्यात नाही, त्यांना हे औषध देऊ नये. तुझा दाब इतका नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही गोळी सुरू झाल्यापासून तू एकदाही मोजला नसशील, अशी मला दाट शंका आहे.

यावर तू म्हणशील, मग जुन्या गोळ्या बऱ्या. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन या गोळ्या ॲसिटिलकोलिनचा, म्हणजे चेतांचा निरोप पोहोचवणाऱ्या एका रसायनाचा, परिणाम रोखून मूत्राशय शांत करतात. पण हृदयाचा वेग आवरून धरणारी चेतासुद्धा याच ॲसिटिलकोलिनवर काम करते, म्हणून काहींना धडधड होते. शिवाय टॉल्टेरोडिन आणि सोलिफेनासिनने इसीजीतला क्यूटी हा कालावधी, म्हणजे एका ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांना विजेने चेतून पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबू शकतो. टेरोडिलिन नावाची गोळी तर याच दोषापायी, हृदयाची लय जीवघेणी बिघडल्याच्या तक्रारी आल्यावर, १९९१ साली बाजारातून काढून घेतली गेली. आजच्या गोळ्या तितक्या धोक्याच्या नाहीत, परंतु लघवी वाढवणाऱ्या औषधाने पोटॅशियम घटलेले असेल किंवा अझिथ्रोमायसिनसारखे क्यूटी लांबवणारे प्रतिजैविक त्याच वेळी चालू असेल, तर डॉक्टरांना ते माहीत असलेच पाहिजे.

तेव्हा एवढे कर. वहिनींना सांगून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भर, सर्दी-खोकल्याचीसुद्धा, आणि ती पिशवी दोन्ही डॉक्टरांपुढे रिकामी कर. शेवटचा इसीजी बरोबर ने. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून दाब आणि नाडी मोज व लिहून ठेव. चक्कर आली, नाडी पन्नाशीच्या खाली गेली किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन कर. आणि शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठ.

पहिल्या आठवड्याचे आकडे मला कळव. मी वाट पाहतो आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
वसंत