भराव आणि बरगे

संपादक महोदय,

पंचगंगेच्या पुराचा विषय निघाला की चर्चा कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर जाते. आलमट्टीचा प्रश्न आहेच, पण घरचे दोन मुद्दे सुटतात.

पहिला भरावाचा. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. दोन्ही रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी. प्रत्यक्षात घर उभे राहण्याआधीच मुरूम पडतो, आणि बिघडते ते तिथेच. दहा गुंठ्यांत 2 मीटर भराव म्हणजे सुमारे 2,000 घनमीटर, वीस लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजारच्याच्या उंबऱ्यावर चढते. म्हणून बांधकामाच्या नकाशाइतकीच भरावाचीही तपासणी हवी. रस्त्याच्या भरावाखालच्या मोऱ्याही मे महिन्यातच मोकळ्या करायला हव्यात; गाळ आणि प्लास्टिकने अर्ध्या बुजलेली मोरी अर्धेच पाणी सोडते.

दुसरा मुद्दा कोल्हापुरी बंधाऱ्यांचा. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्याच्या खाचांत बसवलेल्या फळ्या, काढलेच पाहिजेत. उशीर झाला, की पाण्याच्या दाबाने बरगा खाचेत घट्ट बसतो आणि मग पाण्यात उतरून तो काढणे जिवावरचे काम. त्यात वाहून आलेली झाडे अडकली की पाणी काठ सोडते. आणि काढलेले बरगे काठावर टाकून देऊ नयेत, ऑक्टोबरात परत बसवायला जावे तर निम्मे वाकलेले किंवा गायब असतात! मोजून, नंबर टाकून उंचावर रचावेत. गळणाऱ्या बंधाऱ्यावर उन्हाळा निघत नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. ही कामे त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

— एक वाचक, कोल्हापूर