मंत्रिमहोदय, तुमची कमान कापायला घेतलीय

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, 17 सप्टेंबरला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आपलं हेलिकॉप्टर आमच्या लहान दुकानदारांच्या मेळाव्यावरून गेलं. आवाज आला तशी पोरं बाहेर पळाली. फेटेवाल्यानं फेटा हातात घेतला. हलगीवाले सकाळपासून तिसऱ्यांदा हलग्या शेकून उभे राहिले. माईकवरच्या सरांनी तर "साहेबांचं आगमन होत आहे" असं जाहीरही करून टाकलं. आमच्याकडं हेलिपॅड नाही, हे त्या घाईत कुणाच्याच लक्षात आलं नाही. साडेतीनशे माणसं माना वर करून बघत राहिली आणि हेलिकॉप्टर मावळतीकडं बारीक होत दिसेनासं झालं.

मी फॅब्रिकेशनवाला आहे. शटर, ग्रील, हातगाडे, लोखंडी कपाटं आणि उन्हाळ्यात पत्र्याचे कूलर. 24 वर्षं झाली या धंद्याला. गावाचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांतला कुठलाही तालुका घ्या, तिथं चपखल बसेल. माझंही नाव लिहीत नाही, कारण माझं एक सरकारी बिल अडकलेलं आहे आणि ते आणखी अडकावं अशी माझी इच्छा नाही. त्या बिलाचं पुढं येईलच.

हा मेळावा आम्हाला का सुचला, ते निमंत्रण द्यायला आलो तेव्हा आपल्याला विश्रामगृहावर सांगायचं राहून गेलं होतं. आपल्याला घाई होती. तेव्हा आता सांगतो.

आमच्या मेन रोडला एक किराणा दुकान होतं. त्याचं शटर मीच बसवलेलं, 2011 साली. दोन वर्षं पावसानं दगा दिला, खेड्यापाड्यातली उधारी वसूल होईना, वरून घाऊक व्यापाऱ्याचा तगादा. त्यानं खाजगी सावकाराचे घेतले, ते फेडायला फायनान्सवाल्यांचे घेतले. आणि एका रात्री बायकापोरं घेऊन गाव सोडलं. कुठं गेला, आजतागायत पत्ता नाही. जागामालकानं मला बोलावलं, "कुलूप उघडत नाही, तूच काप." मी बसवलेलं शटर मीच ग्राइंडरनं कापलं. आत काउंटरवर उधारीची वही होती. पानं उलटली तर तीन ठिकाणी माझंच नाव. त्यातलं 1,140 रुपये माझ्याकडून येणं बाकी होतं.

साहेब, त्या रात्री मला झोप लागली नाही. शेतकऱ्यावर वेळ आली की निदान तलाठी येतो, पंचनामा होतो, पेपरात चार ओळी येतात. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पण दुकानदार बुडाला तर शेजारच्या दुकानदाराला महिनाभर कळत नाही, कारण तो रोज सकाळी शटर वर करतो, पाणी शिंपडतो आणि "बरं चाललंय" म्हणतो. आम्हाला एवढंच करायचं होतं, की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी खरं बोलावं. कुणाचं बुडालं, कसं बुडालं, कोण परत उभं राहिलं, कुठल्या कागदावर अडलं. एक रिटायर झालेले बँकवाले काका फॉर्म भरून द्यायला तयार होते. उद्यम नोंदणीला एक टेबल, जीएसटीचा हिशोब समजवायला एक टेबल. शाळेचा हॉल फुकट मिळत होता. साठ-सत्तर माणसं, चहा आणि चिवडा. आठ हजारांत भागत होतं.

आणि मग आमच्यातल्या एका उत्साही मित्रानं म्हणलं, साहेबांना बोलावू.

ही आमची चूक. ती मी मान्य करतो. इथून पुढं 'आपण' सोडून 'तुम्ही' म्हणतो, लिहायला सोपं जातं.

तुम्ही विश्रामगृहावर काय म्हणालात ते मला शब्दान् शब्द पाठ आहे. "17 तारखेला झेंडावंदनाला येणारच आहे. दुपारी तुमच्याकडं. आणि बँकवाले सगळे एका रांगेत बसवतो, जागेवर मंजुरी द्यायला लावतो." वर असंही म्हणालात, की 17 सप्टेंबर म्हणजे मुक्तिसंग्राम दिन आणि 2023 साली कारागिरांची विश्वकर्मा योजनाही त्याच तारखेला सुरू झाली, दुधात साखर. आम्ही तुमच्या स्मरणशक्तीवर खूष झालो. तुमच्या पीएनं डायरीत लिहून घेतलं. पेन उघडलं होतं की नाही, ते मात्र मी बघितलं नाही.

मग शाळेचा हॉल चालेना. सुरक्षेवाले म्हणाले, एकच दार आहे. मंगल कार्यालय घेतलं, 30 हजार. चिवडा चालेना, जेवण ठेवलं. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. 450 ताटं, 120 रुपयांनी 54 हजार. सोफे लागतात म्हणे पहिल्या रांगेला. साध्या खुर्चीवर साहेबांचा अपमान होतो. सोफे, खुर्च्या आणि माईक मिळून 11 हजार, फ्लेक्स 6 हजार. 212 दुकानदारांनी पाचपाचशे दिले होते, 1 लाख 6 हजार, त्यातले 1 लाख 1 हजार असे गेले. पाचशे रुपये तुमच्या दृष्टीनं काय असतात ठाऊक नाही. आमच्याकडं चपला शिवणाऱ्या मामांची ती दोन दिवसांची कमाई आहे, आणि त्यांनी ती सगळ्यांच्या आधी दिली.

कमान मी दिली, माझ्या पदरची. 16 फूट उंच, स्क्वेअर पाइपची, वर तुमच्या नावाची अक्षरं पत्र्यात कापून बसवलेली. चार रात्री जागून. लाइट दिवसा टिकत नाही, म्हणून वेल्डिंग रात्री. बायको म्हणाली, "पोरीच्या लग्नात तरी एवढी करणार हाव का?"

आता त्या दिवसाचं. अकराचा कार्यक्रम. साडेदहालाच पाच बँकांचे पाच साहेब सोफ्यावर येऊन बसले. ते आमच्यासाठी आले नव्हते, तुमच्यासाठी आले होते, पण आले होते. मागं बाया फायली घेऊन बसलेल्या. मिरची कांडपवाली, कडक भाकरीवाली, शिवणकामवाल्या. मी त्या काकांना म्हणलं, साहेब येईपर्यंत फायली तरी दाखवू. सूत्रसंचालक सर म्हणाले, "थांबा, साहेबांच्या हस्तेच." दीपप्रज्वलन साहेबांच्या हस्ते, म्हणून दिवा लावला नाही. दिवा लावला नाही म्हणून भाषणं नाहीत. भाषणं नाहीत म्हणून टेबलं सुरू नाहीत. बाराला पीएला फोन लावला, "यायलेत, निघालेत." एकला लावला, "वाटेत हायेत." दोन वाजता फोन बंद. दोन दहाला ते हेलिकॉप्टर.

दोन चाळीसला बँकेच्या एका साहेबाच्या मोबाइलवर मेसेज आला. त्यानं शेजारच्याला दाखवला. मग एक उठला, बाथरूमला जातो म्हणून. मग दुसरा. पाच मिनिटांत सोफा रिकामा. कांडपवाली ताई फाइल घेऊन गेटपर्यंत मागं गेली. गाडीची काच खाली झाली नाही.

आमच्यातला एक 24 वर्षांचा पोरगा आहे, बॅटरी आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो. एकदा सगळं बुडवून पुन्हा उभा राहिलेला. तोच आमचा मुख्य वक्ता. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर भाषण लिहून आणलं होतं, सहा पानं. तीनला पाऊस सुरू झाला, माणसं जेवून पांगली. त्याला बोलायलाच मिळालं नाही. पानं घडी करून त्यानं खिशात ठेवली आणि खुर्च्या उचलायला लागला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचं निवेदन. "लहान उद्योजकांच्या पाठीशी सरकार खंबीरपणे उभं आहे." पाठीशी उभे असाल, म्हणूनच आम्हाला दिसत नसाल.

मला कुणी म्हणेल, मंत्री आले नाहीत एवढंच ना? राज्यात 36 जिल्हे, माणूस कुठं कुठं पुरणार. अहो, मान्य. नाही आलात याचा राग नाही. तुम्ही विश्रामगृहावरच "नाही जमणार" म्हणाला असतात, तर त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सत्तर माणसं चहा पीत खरं बोलली असती, त्या पोरानं सहाही पानं वाचली असती आणि निदान वीस फॉर्म भरले गेले असते. तुमच्या 'हो'नं आमचा कार्यक्रम खाल्ला.

बाकी योजनांचं काय सांगावं. मुद्रा कर्ज योजना 2015 पासून आहे, शिशु गटात 50 हजारांपर्यंत. रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे की लहान उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये. हा दंडक मी प्रिंट काढून खिशात घेऊन फिरतो. आमच्याकडच्या बँकेत दाखवला तर साहेब म्हणाले, "छान आहे. जामीनदार कोण?" कांडपवाल्या ताईला 40 हजार पाहिजेत, दुसऱ्या मशीनला. तिचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब आहे, कारण गटातल्या दुसऱ्या बाईनं फायनान्सचा हप्ता चुकवला. म्हणजे फायनान्सवाला तिला दर आठवड्याला दारात उभा राहून कर्ज देतो, आणि बँक तिला काचेच्या आतून नाही म्हणते. यात स्वस्त काय आणि महाग काय, हे तिला न शिकताही कळतं, पण ती करणार काय?

आता माझं बिल. 14 महिन्यांपूर्वी एका सरकारी खात्याला मी 60 बाकं दिली. 3,800 रुपयांनी 2 लाख 28 हजार. लोखंड रोखीनं आणलं, सोनं गहाण ठेवून. जीएसटी मी माझ्या खिशातून भरला, कारण बिल फाडलं की सरकारला कर लगेच लागतो. त्याच सरकारला पैसे द्यायला मात्र 14 महिने पुरत नाहीत. लहान उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो, 45 दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. कायदा झकास आहे. मी त्या खात्याच्या टेबलावर व्याजाचा शब्द काढला तेव्हा बाबू हसला आणि म्हणाला, "दादा, तक्रार करा की. पुढच्या वर्षीचं टेंडर निघायलंय." त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती, म्हणून जास्त लागलं. फाइल कुठं आहे विचारलं की प्रत्येक जण वरच्या मजल्याकडं बोट दाखवतो, आणि ती इमारत दोनच मजल्यांची आहे. गहाण सोनं बायकोचं आहे. गौरीला ती हातात काचेच्या बांगड्या घालून बसली आणि बायांना म्हणाली, "सोन्याची मला ॲलर्जी झालीय."

हे सगळं लिहिताना मूळ मुद्दा सुटतोय, कळतंय मला. पण सुटतोय तर सुटू द्या. 2016 साली मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादेत झाली, 49 हजार कोटी जाहीर. 2023 साली तिथंच पुन्हा, आता छत्रपती संभाजीनगरात, 45 हजार कोटींहून जास्त, सिंचनाचे 14 हजार कोटी वेगळेच म्हणे. सिंचन सोडून दिलं तरी 94 हजार कोटी होतात. 2011 च्या जनगणनेनं आम्ही 1 कोटी 87 लाख. भागाकार मी कूलरच्या पत्र्यावर खडूनं केला, माणशी 50 हजारांच्या वर येतात. तुमच्या सचिवांनी तपासावं. आमच्या घरात पाच माणसं आहेत, अडीच लाख झाले. नेमके माझ्या बिलाएवढेच, थोडे जास्तच. कुठल्या पोस्टात येणार आहेत तेवढं कळवा. 2025 च्या जानेवारीत दावोसला 15 लाख कोटींवर करार झाले, तिथं बर्फातसुद्धा सगळे वेळेवर पोचले होते. आमच्या तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत बाभळी वाढल्यात, आणि वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली ती संपलीच. अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजणारंच उरलं नाही, म्हणजे अनुशेष मिटला!

देशाला स्वातंत्र्य 15 ऑगस्ट 1947 ला मिळालं, मराठवाड्याला 17 सप्टेंबर 1948 ला. 13 महिने उशीर. एवढ्या उशिराची सवय असलेली माणसं साहेब चार तास उशिरा आले म्हणून रागावत नाहीत. उशीर चालतो, वरून जाणं चालत नाही.

मागणं थोडंच आहे. सत्काराची शाल, नारळ आणि फेटा मंगल कार्यालयात पडून आहे, माणूस पाठवून न्यावं. त्या पाच बँकवाल्यांना एक दिवस आमच्याकडं पाठवा. तुम्ही येऊ नका, फक्त त्यांना सांगा की तुम्ही येणार आहात. साडेदहाला हजर होतील. कांडपवाल्या ताईची फाइल तयार आहे. आणि माझ्या बाकांवर पोरं बसायलीत की नाही एवढं तरी कुणी बघून सांगा.

कमानीचं राहिलं. कार्यालयवाला जागेचं भाडं मागायला लागला, म्हणून काल ती खाली घेतली. पत्र्याची अक्षरं भंगारात 34 रुपये किलोनं गेली. पाइप चांगला आहे, 16 गेजचा. त्यात दोन हातगाडे बसतात. एक चहावाल्याला ठरलाय. दुसरा अजून रिकामा आहे. बॅटरीवाल्या पोरानं विचारलंय, बाजाराच्या दिवशी फिरती दुरुस्ती लावायची म्हणतोय. त्याला म्हणलं, घेऊन जा, पैसे सावकाश दे. पण एका शनिवारी संध्याकाळी वर्कशॉपवर येऊन ती सहा पानं वाचायची. चहा मी सांगतो.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला