तसबीर बाल्कनीतून दिसत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला संगीत नाटकांवरचा लेख वाचला आणि सोमवारी सकाळीच हे पत्र लिहायला बसलो. पदांमुळे कथा अडते, तेव्हा संगीत नाटकांनी पडद्याच्या वाटेला जाऊ नये, हा लेखकाचा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. 'कट्यार काळजात घुसली' 2015 मध्ये पडद्यावर आले, तेव्हा हे लेखक कुठे होते? त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येते. ते कापले तर दोन गवयांमधले वैर दाखवणार कशाने? 1967 च्या नाटकात खाँसाहेब उभे केले वसंतराव देशपांडे यांनी. चित्रपटात त्याच खाँसाहेबांचे गाणे त्यांचे नातू राहुल देशपांडे गायले. माझ्या शेजारी बसलेली कॉलेजची मुले एकाही पदाला उठून बाहेर गेली नाहीत.

पदे लांबतात म्हणे. ती लांबत 'वन्स मोअर'मुळे. ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही अशा घरांत हीच पदे पोहोचली तबकड्यांवरून, आणि तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ पद रंगवत. चित्रपटाला याहून वेगळे काय हवे?

लेखात 'संशयकल्लोळ'चे नावसुद्धा नाही, याचा मला खरा राग आला. देवलांनी हे आधी गद्यात लिहिले, 'तसबिरीचा घोटाळा' म्हणून. 1916 मध्ये त्यात पदे आली. राजवाडे नकोत, लढाया नकोत. दोन-तीन घरे आणि एक रस्ता पुरे. रेवतीला घेरी येते, तिच्याजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर खाली पडते, ती फाल्गुनरावांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते, आणि फाल्गुनरावांच्या डोक्यात संशयाचा किडा शिरतो. सारे नाटक त्या हातभर लांबीच्याही नसलेल्या तसबिरीवर चालते.

आईला 'संशयकल्लोळ'ची सगळी पदे रेडिओवरून पाठ होती, नाटक मात्र तिने कधी पाहिलेले नव्हते. आमच्या शहरातल्या एका नाट्यगृहात प्रयोग लागला तेव्हा तिला घेऊन गेलो. तिकिटे मिळाली बाल्कनीची, तीही मागची. माईक खरखरत होता, ऑर्गन तर खालच्या रांगांतच विरून जात होता. तसबीर पडली, खालचे प्रेक्षक हसले. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय रे उचललं तिनं?" मी सांगेपर्यंत पुढचे वाक्य होऊन गेले होते. मध्यंतरापर्यंत ती शेजारच्या बाईंनाही विचारत राहिली आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी आम्हाला गप्प बसा म्हणून दटावले. जिला प्रत्येक पदाचा पुढचा शब्द माहीत होता, तिला कथा कळली नाही. कॅमेऱ्याने ती तसबीर एकदा जवळून दाखवली असती, फाल्गुनरावांचा चेहरा त्यानंतर दाखवला असता, तर कुणाला काही विचारावे लागले नसते. आई आता नाही. पण बाल्कनीत बसणारे म्हातारे अजून आहेत.

आणखी एक. तलावपाळीवरच्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे, त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चाही लेखात उल्लेख नाही. ठाण्यात वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रात हे शोभत नाही. 2025 मधल्या 'मानापमान'वर लेखकाची नाराजी असेल तर त्यांनी त्या एका चित्रपटावर लिहावे. त्यासाठी देवल, गडकरी, कानेटकर सगळ्यांना दार लावून घेऊ नये.

मराठी चित्रपटांच्या खेळांच्या वेळांबद्दलही आपण कधीतरी लिहा. घराजवळच्या मल्टिप्लेक्समध्ये दुपारी साडेबाराचा एकच खेळ असतो, म्हणून नोकरी करणाऱ्या माझ्या सुनेला संध्याकाळच्या खेळासाठी ठाण्याहून वाशी गाठावी लागली. संगीत नाटकावरचा चित्रपट उद्या कुणी काढलाच, तर तो संध्याकाळी सातला ठाण्यात लागेल, एवढे तरी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावे.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे