फ्यूजच्या जागी बल्ब लावायला सांगणाऱ्यांचे आभार

गाडीच्या आतल्या दिव्यांचा फ्यूज लावला की उडत होता. हा शॉर्ट, म्हणजे वायर नको तिथे टेकून झालेलं शॉर्ट सर्किट, शोधायला ज्या अनोळखी मंडळींनी मदत केली, त्या सर्वांचे मनापासून आभार.

जास्त अँपिअरचा फ्यूज लावू नका, वायरिंग जळेल, असं आधीच बजावणाऱ्यांचे विशेष आभार. मग एका दादांनी सांगितलं, फ्यूजच्या जागी 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण तेजाने पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच रोखतो, त्यामुळे वायर तापत नाही. एकेक कनेक्टर काढत जायचं. ज्याने बल्ब विझेल, त्या फाट्यावर दोष. किती सुंदर युक्ती आहे ही!

आणखी एकांचा मुद्दा तर फारच मोलाचा. बऱ्याच गाड्यांत दाराचा स्विच अर्थच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह बाजूला असतो. तिकडची वायर बॉडीला टेकली तर दिवा नुसता पेटलेला राहतो, फ्यूज उडत नाही. म्हणजे आमचा दोष दिव्याकडे येणाऱ्या पॉझिटिव्ह वायरमध्येच होता. निम्मी शोधाशोध तिथेच वाचली.

डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी उघडून बघा, असं सांगणाऱ्या ताई, सोललेली वायर अगदी तिथेच सापडली. खूप खूप धन्यवाद!