वर्गणी न भरणाऱ्यांसाठी

टोरोंटो

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. सोलापुरातल्या आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर तुम्हाला घेतलं हे वाचून फार आनंद झाला. सभासद कसे वाढवावेत, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, जे सभासद नाहीत त्यांचा विचार आधी करावा. असं का वाटतं ते सांगते.

इथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या शहरभर १०० शाखा आहेत. शहरात राहत असल्याचा पुरावा दाखवला की कार्ड मिळतं. अनामत नाही, वर्गणी नाही. आत येण्याचे किंवा पुस्तक घरी नेण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा ओंटारियो प्रांताचा कायदाच आहे. बहुतेक खर्च महापालिका उचलते. २०२२ मध्ये उशिराचा दंडही बंद झाला, आणि मला हे सगळ्यात जास्त पटलं. दंड साठला की गरिबाघरचं पोर वाचनालयाकडे फिरकत नाही, आणि पुस्तकाची गरज त्यालाच जास्त.

पार्कडेल भागातल्या शाखेत तर गिटार, व्हायोलिनसुद्धा घरी नेता येतं. तमिळ, पंजाबी, गुजराती पुस्तकांची कपाटं असतात. नव्याने देशात आलेल्यांना मदत करायला काही शाखांमध्ये माणसं बसतात: मुलाचं शाळेत नाव कसं घालायचं, नोकरीचा अर्ज कसा करायचा, कुठला कागद कुठे द्यायचा. म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या आवडीची पुस्तकं निवडून वाचनालयाची माणसं दारात आणून देतात. त्याचेही पैसे नाहीत. आमच्या इमारतीतल्या एक आजी या पुस्तकांची वाट बघत बसतात. पुस्तकं घेऊन येणाऱ्या मुलीशी चार शब्द बोलायला मिळतात, ते त्यांना पुस्तकांइतकंच लागतं.

तुम्ही म्हणाल, तिथे पैसा आहे. खरं आहे. आपल्याकडे महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे वाचनालयाचा अ, ब, क, ड असा दर्जा ठरतो, त्यावर अनुदान मिळतं, आणि तेवढ्यात ग्रंथपालाचा पगार धड निघत नाही. म्हणून मी दोनच गोष्टी सुचवते. दोन्हींना पैशापेक्षा माणसंच जास्त लागतील.

आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. सरकारी योजना, दाखले, ऑनलाइन अर्ज त्यांना तोंडपाठ असतात. आठवड्यातून एक तास त्यांनी खालच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज भरून द्यावेत आणि बदल्यात वाचनालयाने त्यांची अभ्यासिकेची फी कमी करावी. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार एका अर्जासाठी एजंटाला पैसे मोजतात. त्यातली कितीतरी घरं तेलुगू बोलणारी, म्हणून तेलुगू येणारं एक पोर त्यात असावंच.

दुसरी गोष्ट सोलापूरजवळच्या कुंभारीची. तिथल्या रे नगर या कामगारांच्या वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरं कामगारांच्या ताब्यात आली. म्हणजे एक अख्खं गावच वसलं. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं, मोठं वाचनालय आहे. पण हजार विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाईने दिवस मोडून, पोरांना घेऊन तिथे कसं यावं? आपणच दर रविवारी तिकडे पुस्तकांची पेटी न्यावी. मराठी, तेलुगू, कन्नड, आणि निम्मी तरी लहान मुलांची. पुस्तकं फाटतील, काही परत येणार नाहीत. ते आधीच धरून चालावं आणि त्यासाठी कुणाला बोल लावू नये.

पहिल्या पेटीच्या पुस्तकांचे पैसे मी पाठवते. रक्कम तुम्ही कळवा. कार्यकारिणीत हरकत निघालीच तर ती हिशेबाची असेल, म्हणून पेटीची वेगळी वही आधीच घालून ठेवा. पुस्तकं निवडताना वहिनीला बरोबर घ्या; शाळेत शिकवते, मुलं काय वाचतात ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आईला नमस्कार. बैठक कधी आहे ते कळवा.

तुमची,
सुनंदा